मारामाताका ताडून पाहताना: माओरी मासेमारीचे चांद्र पंचांग आणि हौशी मच्छीमारांच्या नोंदी

न्यूझीलंडच्या माओरींकडे चांद्रमासातल्या प्रत्येक रात्रीला स्वतःचे नाव आहे. अमावास्येची फिरो, पौर्णिमेची राकाउनुई, महिना संपवणारी मुतुफेनुआ. या नामावलीला आणि तिच्याबरोबर येणाऱ्या जाणकारीला मारामाताका म्हणतात. कोणत्या रात्री गळ टाकावा, कधी होडी वरच ओढून ठेवावी, ईल कधी लपून बसतात, रताळी कधी लावावीत, हे सारे त्यात येते. तांगारोआच्या रात्री मासेमारीला उत्तम, कोरेकोरेच्या रात्री हाती फारसे काही लागत नाही, तामातेआच्या दिवसांत समुद्राचा भरवसा धरू नये, असे संकेत बहुतेक याद्यांत सापडतात. हे ज्ञान आजही वापरात आहे. २०२२ पासून न्यूझीलंडमध्ये मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सार्वजनिक सुट्टी असते आणि तिचा शुक्रवार पिपिरी महिन्यातल्या तांगारोआच्या रात्री बघूनच ठरतो.

दुसऱ्या बाजूला हौशी मच्छीमारांच्या पकडीच्या नोंदी आहेत: तारीख, तास, गळ, मासे. दोन्ही शेजारी ठेवून एका दुपारीत आलेख काढता येतो, आणि तो जवळजवळ नेहमी चुकीचा निघतो. कधी पारंपरिक ज्ञान ‘खोटे’ ठरते, कधी ‘सिद्ध’ होते, आणि दोन्ही वेळा मूळ दावा तपासलाच गेलेला नसतो. ही तपासणी नीट कशी करावी ते पुढे दिले आहे. उदाहरण ऑकलंडजवळच्या, पूर्व किनाऱ्यावरच्या हौराकी आखातातल्या तामुरेचे, म्हणजे स्नॅपरचे घेतले आहे, कारण न्यूझीलंडच्या हौशी मच्छीमारांचा तो सर्वांत लाडका मासा आणि त्याच्या नोंदीही भरपूर.

आधी माणसे, मग यादी

छापील मासेमारी दिनदर्शिका न्यूझीलंडमध्ये सहज मिळतात. त्यांच्यावरून काम सुरू करू नका. त्यांत एका इवीची (टोळीची) यादी सगळ्या देशाला लावलेली असू शकते, आणि काहींत अमेरिकेत १९२६ च्या सुमारास जॉन ऑल्डन नाइट यांनी मांडलेली ‘सोल्युनार’ पद्धत मिसळलेली असते. ती चंद्र डोक्यावर येण्याच्या आणि पायाखाली जाण्याच्या वेळांवर चालते. मारामाताकाशी तिचा संबंध नाही.

माओरी संस्कृतीचे अभ्यासक एल्सडन बेस्ट यांनी १९२२ मध्ये वेगवेगळ्या भागांतून मिळालेल्या रात्रींच्या याद्या छापल्या. त्या चाळल्या तरी लक्षात येते की नावे बरीचशी सारखी असली, तरी क्रम, एकाच नावाच्या किती रात्री आणि महिना कुठून मोजायचा हे प्रदेशागणिक बदलते. काही ठिकाणी मोजणी अमावास्येपासून, काही ठिकाणी पौर्णिमेच्या आसपासून. आपल्याकडे महाराष्ट्रात अमान्त महिना आणि उत्तरेत पौर्णिमान्त, म्हणून कोणी कोणाचे पंचांग चुकीचे ठरवत नाही. इथेही तसेच आहे. मात्र दोन प्रदेशांच्या याद्यांची सरासरी काढली, तर कोणाचेच नसलेले तिसरे पंचांग तयार होते.

म्हणून ज्या पाण्यातल्या नोंदी घेणार, त्याच किनाऱ्याच्या हापूकडे (कुळाकडे) आणि तिथल्या कौमातुआंकडे, म्हणजे जाणत्या वडीलधाऱ्यांकडे, आधी जा. भेटीला जाताना लेखी प्रस्ताव न्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असू द्या: सांगितलेले ज्ञान कोणाच्या ताब्यात राहील, कोणत्या जागांची नावे छापली जाणार नाहीत, निकाल उलटा आला तर तो कसा मांडला जाईल, आणि काम करणाऱ्यांत त्यांचे कोण असेल. माओरींच्या माहितीवर माओरींचाच अधिकार असावा, हा आग्रह ‘ते माना राराउंगा’ हे जाळे अनेक वर्षे धरून आहे आणि तो रास्त आहे. मासेमारीच्या जागा उघड झाल्या की पुढच्याच शनिवारी तिथे वीस बोटी उभ्या राहतात, त्यामुळे जागेबद्दलची अट पाळायलाच हवी.

दावा वाक्यात लिहून काढा

‘तांगारोआच्या रात्री चांगल्या’ हे अजून तपासता येण्याजोगे वाक्य नाही. कोणत्या माशासाठी, कोणत्या साधनाने, कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशाच्या तुलनेत, ही पाच उत्तरे मिळेपर्यंत प्रश्न विचारा. मिळालेले वाक्य असे काही असेल: ‘ऑक्टोबर ते मार्चमध्ये, आमच्या खाडीत, आमिष लावलेल्या गळाने, तांगारोआच्या तिन्ही रात्रींना जोडलेल्या दिवसांत तामुरे कोरेकोरेच्या दिवसांपेक्षा जास्त लागतो.’ हे वाक्य कौमातुआंना वाचून दाखवा, दुरुस्त करून घ्या, त्यावर तारीख घाला आणि पकडीच्या आकड्यांची फाईल उघडण्याआधी ते बंद करून ठेवा. आकडे पाहिल्यावर वाक्य बदलले, तर पुढच्या गणिताला अर्थ उरत नाही.

साधनाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मारामाताकातले पुष्कळ ज्ञान जाळी, ईलचे सापळे आणि मशालीच्या उजेडात पातिकी, म्हणजे चपटे फ्लाउंडर, टिपण्याच्या पद्धतीतून आलेले आहे. हौशी नोंदी मात्र प्रामुख्याने दिवसा, बोटीतून, रॉडने केलेल्या मासेमारीच्या आहेत. साधन बदलले की चंद्राचा अर्थ बदलतो, हे कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. डोलीचे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून कोळ्यांना अमावास्या-पौर्णिमेचे उधाण हवे असते आणि अष्टमीच्या आसपासचा भांग नकोसा असतो. तांगारोआच्या रात्री अमावास्येपासून मोजल्या तर साधारण वद्य सप्तमी ते नवमीच्या सुमारास येतात, म्हणजे आपल्या हिशेबाने भांगाच्याच. त्या गळाच्या मासेमारीला चांगल्या म्हटल्या जातात यात विसंगती काहीच नाही. पण हौशी रॉडच्या नोंदींवरून सापळ्याबद्दलचा दावा खोडून काढणे ही मात्र सरळ चूक आहे.

काही दावे पकडीच्या नोंदींवर तपासूच नयेत. तामातेआचा संकेत मुळात हवामानाचा आहे. त्या दिवशी समुद्र खवळला तर हौशी मच्छीमार घरीच थांबतात, आणि न गेलेल्या बोटीची नोंद होत नाही. जे गेले ते शांत दिवशी गेले, त्यांची पकडही ठीकच असते, आणि आलेख सांगतो की तामातेआत काही वावगे नाही. हा दावा तपासायचा तर जवळच्या हवामान केंद्राच्या तासागणिक वाऱ्याच्या नोंदी घ्या, मासे बाजूला ठेवा. हुना रात्रीचा ईल आणि क्रेफिश लपण्याचा संकेतही तसाच: त्याला सापळ्यांच्या नोंदी हव्यात, स्नॅपरच्या नव्हेत.

शेवटी दाव्यांची संख्या आवरा. तीस रात्री सुट्या तपासल्या, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर निव्वळ योगायोगाने एखाददुसरी रात्र ‘विशेष’ निघणारच. चार जातींचे मासे घेतले तर अशा पाच-सहा निघतील. कौमातुआंच्या सांगण्यावरून आधीच तीन गट करा: चांगल्या, मध्यम, वाईट. मुख्य तुलना एकच ठेवा, चांगल्या विरुद्ध वाईट.

कोणत्या नोंदी उपयोगी

न्यूझीलंडमध्ये समुद्रातल्या हौशी मासेमारीला परवाना लागत नाही आणि साध्या मच्छीमाराला पकड कळवण्याचे बंधनही नाही. त्यामुळे संपूर्ण नोंद कुठेच नाही. जे आहे ते नमुन्याचे.

बोटी उतरवण्याच्या रॅम्पवर परतणाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती या कामाला सर्वांत चांगल्या. त्यांत मुलाखतकार मासे स्वतः मोजतो, लांबी पट्टीवर घेतो आणि किती तास गळ पाण्यात होता ते विचारतो. ही पाहणी फिशरीज न्यूझीलंड या सरकारी मत्स्यखात्यासाठी निवा या संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे केली आहे. माहितीसाठी खात्याकडे लेखी विनंती करा आणि व्यक्तींची नावे काढून टाकलेल्या, पण सहलनिहाय ठेवलेल्या नोंदी मागा. महिन्यांच्या बेरजा मिळाल्या तर त्या या कामाला निरुपयोगी आहेत.

राष्ट्रीय पॅनेल पाहणी २०११–१२, २०१७–१८ आणि २०२२–२३ मध्ये झाली. वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे मोजले जाते. पहिल्या पाहणीत सुमारे सात हजार मच्छीमारांना वर्षभर विचारले गेले. देशभराची एकूण पकड काढायला ती उत्तम, पण प्रत्येक पाहणी एकाच वर्षाची असल्याने चंद्राच्या प्रश्नाला अपुरी. कारण पुढे येते.

चार्टर बोटींना २०१० पासून नोंदणी आणि ठरावीक जातींचा अहवाल बंधनकारक आहे. त्यात आपला मासा आहे का ते आधी पाहा. क्लबांच्या वह्या चालतील, पण रिकाम्या हाताने परतलेल्या सहलीही लिहिलेल्या असतील तरच. स्पर्धांचे निकाल वापरू नका. तिथे फक्त मोठा मासा तोलला जातो आणि तारीख आयोजकांनी ठरवलेली असते.

सहलींचा तक्ता

मुलाखतींची माहिती सहसा दोन तक्त्यांत येते: एकात सहली, दुसऱ्यात मासे. घाईत लोक फक्त माशांचा तक्ता उचलतात. मग ज्या सहलीत एकही स्नॅपर लागला नाही ती गायबच होते आणि वाईट रात्र चांगल्या रात्रीइतकीच बरी दिसू लागते. चांगल्या-वाईटातला फरक बराचसा शून्य पकडीच्या सहलींच्या प्रमाणातच असतो, म्हणून या एका चुकीने सगळे काम वाया जाते. सहलींचा तक्ता आधाराला धरा, मासे त्याला जोडा, आणि जिथे जुळणी मिळाली नाही तिथे शून्य भरा. मग एकूण ओळी मूळ सहलींइतक्याच आहेत ना, हे मोजून पाहा.

प्रत्येक ओळीत हे रकाने हवेत: रॅम्प, तारीख, निघण्याची आणि परतण्याची वेळ, गळ पाण्यात असलेले तास, रॉडची संख्या, नांगर टाकून की वाहत्या बोटीतून, आमिष की कृत्रिम मासा, कोणत्या माशासाठी गेले होते, ठेवलेले मासे, सोडून दिलेले मासे. पकडीचा दर म्हणजे रॉड-तासाला मासे. चार जण, तीन रॉड, पाच तास म्हणजे १५ रॉड-तास; वीस नव्हे.

मर्यादेचा परिणामही इथेच सांभाळायचा. १ एप्रिल २०१४ पासून स्नॅपर १ या विभागात, ज्यात हौराकी आखात येते, माणशी दिवसाला ९ ऐवजी ७ मासे आणि किमान लांबी २७ ऐवजी ३० सेंटिमीटर झाली. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे ‘ठेवलेले मासे’ एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. सोडलेल्या माशांची नोंद असेल तर ठेवलेले अधिक सोडलेले असा एकूण आकडा घ्या. नसेल तर लांबीच्या नोंदींवरून सगळ्या वर्षांसाठी फक्त ३० सेंटिमीटर आणि त्यावरचे मासे मोजा. शिवाय चांगल्या दिवशी लोक सात मासे पूर्ण करून दोन तासांत परततात. तासांचा रकाना नसेल तर हा उत्तम दिवस आणि दिवसभर झटून सात मिळवलेला दिवस एकसारखे दिसतात.

२०२० च्या मार्च-एप्रिलमधल्या टाळेबंदीत बोटी बाहेर काढायला मनाई होती. तो काळ शून्य पकडीचा नाही, नोंदच नसलेला आहे. असे खंड वेगळे दाखवा.

रात्र कोणती?

इथे एका दिवसाची चूक फार सहज होते आणि ती शेवटपर्यंत दिसत नाही. ८ एप्रिल २०२४ ची अमावास्या घ्या, अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसले ती. जागतिक वेळेनुसार युती (चंद्र आणि सूर्य एकाच दिशेला येणे) ८ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून २१ मिनिटांनी झाली. न्यूझीलंडचे घड्याळ बारा तास पुढे, उन्हाळी वेळ आदल्याच दिवशी, ७ एप्रिलला संपलेली, म्हणून तिथे ९ एप्रिलची पहाट, ६ वाजून २१ मिनिटे. संगणकाच्या तयार सूत्राने जागतिक वेळेची तारीख उचलली आणि ती स्थानिक सहलींना जोडली, तर सगळी नामावली एका दिवसाने सरकते. ऑक्टोबर ते मार्चमध्ये घड्याळ तेरा तास पुढे असते, तेव्हा धोका आणखी वाढतो. चंद्राच्या वेळा आधी स्थानिक वेळेत आणा, मगच तारीख काढा. भरतीचे कोष्टक कोणत्या वेळेत छापले आहे तेही त्याच्या माथ्यावर पाहून घ्या.

आता फिरोची रात्र कोणती? युती असलेली रात्र धरली तर ८ एप्रिलच्या सूर्यास्तापासूनची. पहिली कोर दिसण्यावरून मोजणारे मात्र ९ तारखेच्या संध्याकाळी बघतील तर चंद्र जेमतेम बारा तासांचा, दिसणार नाही. १० तारखेला दीड दिवसाचा, तो दिसेल. समजा यादीत तांगारोआच्या रात्री २३ वी ते २५ वी आहेत. पहिल्या पद्धतीने त्या ३० एप्रिल, १ मे, २ मे. कोर दिसली ती रात्र पहिली धरली तर २, ३, ४ मे. तीनपैकी एकच रात्र सामाईक! पद्धत कोणती हे संशोधकाने ठरवायचे नाही, कौमातुआंनी सांगायचे. त्यांनी दोन्ही शक्यता सांगितल्या, तर एक मुख्य म्हणून आधीच जाहीर करा आणि दुसरी पडताळणीसाठी ठेवा.

पंचांगाची सवय असलेल्यांनी एक मोह टाळावा. तिथी चंद्र-सूर्यातल्या बारा अंशांच्या अंतराने मोजली जाते, ती साधारण १९ ते २६ तासांची असते आणि दुपारी बाराला बदलू शकते. मारामाताकाची रात्र रात्रीलाच बांधलेली असते. तिथीचे कोष्टक घेऊन रात्रींना नावे चिकटवली तर क्षय आणि वृद्धी तिथींपाशी घोळ होतो. चांद्रमास २९ रात्रींचा असेल तेव्हा कोणते नाव गळते, हेही विचारून घ्या.

पहाटे पाचला निघून अकराला परतलेली सहल मागच्या रात्रीची की पुढच्या? हौशी नोंदींत बहुतेक सहली दिवसाच्या असल्याने या एका नियमावर निम्मे उत्तर अवलंबून असते. सोपा नियम: सूर्यास्त ते पुढचा सूर्यास्त एकच नाव. पण हाही विचारूनच.

भरती, वारा, रविवार

इथे बहुतेक विश्लेषणे घसरतात, म्हणून थोडे थांबून.

चंद्र भरती घडवतो, भरतीमुळे पाण्याची ओढ बदलते, ओढीने मासा चरतो. म्हणजे भरती ही चंद्राच्या परिणामाची वाटच असू शकते. प्रारूपात, म्हणजे गणिती मॉडेलमध्ये, भरती घातली की मारामाताकाचा परिणाम नाहीसा होतो, आणि लोक घाईने लिहितात की ‘खरे कारण भरती, पंचांग नव्हे’. भरतीचे कोष्टक नसताना पिढ्यान्‌पिढ्या भरतीचा अंदाज देणारी पद्धत जर त्या यादीत असेल, तर ते त्या ज्ञानाचे यश आहे. म्हणून दोन प्रारूपे चालवा. पहिल्यात भरती नाही: हे ‘पंचांग पाहून जाणाऱ्याला किती फायदा’ सांगते. दुसऱ्यात भरतीची उंची आणि ओहोटीपासूनचे तास आहेत: हे ‘भरतीपलीकडे काही उरते का’ सांगते. दोन्ही उत्तरे शेजारी छापा.

वारा मात्र पहिल्यापासून घालायचा. तो चंद्रामुळे येत नाही, पण कोण बाहेर पडेल आणि किती दूर जाईल हे ठरवतो. महिना किंवा पाण्याचे तापमानही घाला. स्नॅपर वसंत-उन्हाळ्यात अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतो, त्यामुळे ऋतूचा फरक चंद्राच्या फरकापेक्षा खूप मोठा असतो.

न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याची एक खासियत ध्यानात ठेवावी. सूर्यामुळे होणारा भरतीचा भाग तिथे फार लहान आहे. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मधला भांग यांतला फरक आपल्याकडे वाटतो तितका ठळक नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळ आहे की दूर, याचा परिणाम त्याहून जास्त दिसतो. जवळ-दूरचे चक्र २७.५५ दिवसांचे, कलांचे २९.५३ दिवसांचे. दोन्ही पुन्हा तशीच जुळायला सुमारे ४१२ दिवस लागतात. एकाच उन्हाळ्याच्या नोंदी घेतल्या, तर तांगारोआच्या रात्री नेमक्या चंद्र जवळ असतानाच्या असू शकतात, आणि परिणाम कशाचा ते सांगता येणार नाही. एका वर्षाची पॅनेल पाहणी यासाठीच अपुरी पडते. चंद्राचे अंतर हा वेगळा रकाना ठेवा.

तसेच रविवारचे. चांद्रमास म्हणजे चार आठवडे आणि दीड दिवस. एखादी रात्र एका महिन्यात शनिवारी आली तर पुढच्या महिन्यात ती रविवार-सोमवारच्या सीमेवर जाते, आणि पुन्हा शनिवारी यायला साधारण साडेचार महिने लागतात. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात नाताळपासून ६ फेब्रुवारीच्या वाइतांगी दिनापर्यंत सुट्टीची गर्दी असते आणि तेवढ्यात जेमतेम दीड चांद्रमास बसतो. सुट्टीत नवशिके जास्त, म्हणून दर कमी. वार आणि सुट्टी हे रकाने विसरू नका.

आणि पंचांग पाळणारे लोकच चांगल्या रात्री जास्त बाहेर पडतात. त्यांत मुरलेले मच्छीमार जास्त असतील, तर चांगल्या रात्रींचा दर त्यांच्या हातामुळे वाढतो. मुलाखतीत ‘आज कॅलेंडर पाहून आलात का’ एवढा एक प्रश्न घालता आला, तर ही अडचण बरीच सुटते. जुन्या नोंदींत तो नसेल, तर वर्षातून किती वेळा मासेमारीला जाता हा प्रश्न बहुधा असतो, तो वापरा.

किती वर्षांच्या नोंदी लागतील

पुरावा रात्रींचा मोजा, माणसांचा नव्हे. एका शनिवारी रॅम्पवर चारशे जणांना विचारले तरी ते सगळे एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात होते. तो एका दिवसाचाच पुरावा.

आता हिशेब. वर्षाला १२.३७ चांद्रमास, महिन्याला तांगारोआच्या ३ रात्री, त्यांतल्या ६० टक्के दिवसांच्या नोंदी मिळतात असे धरू. तीन वर्षांत सुमारे ६७ चांगले दिवस, तेवढेच वाईट. दिवसागणिक दराच्या लॉगॅरिदमचे प्रमाण विचलन ०.७ धरले, तर दोन गटांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१२. पाच टक्क्यांची कसोटी आणि ८० टक्के ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता) हवी असेल तर फरक तिच्या २.८ पट हवा, म्हणजे ०.३४, साध्या भाषेत ४० टक्के जास्त पकड. त्याहून लहान फरक तीन वर्षांच्या नोंदींत दिसेल असा भरवसा नाही. १५ टक्क्यांचा फरक शोधायचा असेल तर प्रत्येक गटात ३९२ दिवस लागतात, म्हणजे साडेसतरा वर्षे. वारा, महिना, रॅम्प घालून विचलन ०.५ वर आणता आले तर २०० दिवस, सुमारे नऊ वर्षे. ०.७ आणि ०.५ हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या नोंदींतला आकडा रात्रींची नावे न जोडता आधी काढा आणि हाच हिशेब पुन्हा करा.

तीन वर्षांच्या नोंदींवरून ‘परिणाम आढळला नाही’ असे लिहिणाऱ्याने हा हिशेब छापलाच पाहिजे. पंधरा टक्के जास्त मासे हे कुटुंब पोसणाऱ्याला थोडे नसतात.

गणित

प्रतिसाद: सहलीतले एकूण मासे. रॉड-तासांचा लॉगॅरिदम ‘ऑफसेट’ म्हणून, म्हणजे मासे दर रॉड-तासाला मोजले जातील. शून्ये पुष्कळ आणि मधूनच मोठे आकडे असल्याने मोजणीच्या आकड्यांचे नेहमीचे पॉइसन वितरण चालत नाही, ऋण द्विपद वितरण घ्या. दिवस आणि रॅम्प यादृच्छिक परिणाम म्हणून घाला, म्हणजे एकाच दिवसाच्या किंवा रॅम्पच्या सहली एकमेकींसारख्या असतात हे गणितात धरले जाते. दिवस वगळला तर वर सांगितलेली चारशे मुलाखतींची चूक इथे मागच्या दाराने परत येते आणि सगळे काही ‘अर्थपूर्ण’ दिसू लागते. आर या संगणकभाषेत अशा मिश्र प्रारूपांची तयार पॅकेजेस आहेत, वेगळे काही लिहावे लागत नाही.

मग खोटी पंचांगे तयार करा. प्रत्येक चांद्रमासात रात्रींची नावे गोल फिरवून यादृच्छिक अंतराने सरकवा, क्रम तोच ठेवा, आणि चांगल्या-वाईटातला फरक पुन्हा काढा. असे दहा हजार वेळा. खरा फरक या दहा हजारांत कुठे बसतो ते पाहा. यात ऋतू जागच्या जागी राहतो आणि लागोपाठच्या दिवसांचा सारखेपणाही बराचसा टिकतो. सगळ्या वर्षांची नावे एकाच अंतराने सरकवली तर जेमतेम तीस खोटी पंचांगे मिळतात, ती पुरत नाहीत.

एक तुलना आणखी करावी. नावांऐवजी २९.५३ आणि १४.७७ दिवसांच्या दोन गुळगुळीत लाटा घालून प्रारूप चालवा. लाटांनी तेवढेच उत्तर दिले तर चंद्राचा परिणाम आहे आणि यादीने तो पकडला आहे, पण नावानावातला बारीक भेद या नोंदींत दिसत नाही. नावे लाटांपेक्षा सरस ठरली तर यादीत लाटेपलीकडची माहिती आहे. आमच्या मते हीच तुलना सर्वांत बोलकी असते.

निकाल आल्यावर

आधी कौमातुआंकडे न्या, छापण्याआधी. आलेखात तांगारोआचा एखादा दिवस वाईट दिसला तर त्या आठवड्यातल्या वाऱ्या-पावसाच्या नोंदी सोबत ठेवा; मारामाताका वापरणारे केवळ रात्रीचे नाव पाहत नाहीत, वारा, पक्षी, झाडांचा बहरही पाहतात. पोहुतुकावा फुलला की किना, म्हणजे समुद्री साळू, भरलेला असतो, हा त्यांतला सर्वपरिचित संकेत. नुसत्या नावाची तपासणी म्हणजे त्या ज्ञानाच्या एका थराची तपासणी, आणि अहवालाच्या शीर्षकात तेवढेच लिहा: कोणत्या हापूची यादी, कोणता मासा, कोणते साधन, कोणती वर्षे.

फरक टक्क्यांत आणि त्याच्या मर्यादेसह द्या, नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ नको. दोन्ही प्रारूपे, बंद करून ठेवलेले मूळ वाक्य त्याच्या तारखेसह, आणि वगळलेल्या सहलींची संख्या कारणासकट जोडा. जागांचे अक्षांश-रेखांश काढून टाका. रॅम्पचे नाव पुरते. सहलींचा स्वच्छ केलेला तक्ता आणि रात्री ठरवण्याचे सूत्र यांची एक प्रत हापूकडे ठेवा, म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांना स्वतःच जोडता येतील.